लाईट गेली की टाकीतलं पाणी जातं कुठे?

रीफ टाकीच्या, म्हणजे जिवंत कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, ओव्हरफ्लोवर खान्देशातून एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. समुद्र बघायचा तर आपल्याला रात्रभर गाडीत बसावं लागतं, पण हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी पाहिजेच, असो, मीही त्यातलाच. ज्यांना शब्दच नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ओव्हरफ्लो म्हणजे टाकीच्या वरच्या कडेचा सांडवा, त्यावरून वरवरचं पाणी एका पेटीत सांडतं, पेटीतून पाईपने संपमध्ये, म्हणजे खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत येतं, तिथे स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर वगैरे सगळा पसारा असतो आणि रिटर्न पंप तेच पाणी पुन्हा वर फेकतो. पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा यातूनच निघतो, तो राहिला तर पाण्याला हवा नीट मिळत नाही. आता प्रश्न.

प्रश्न (जळगाव): दादा, ४ फूट लांब, २ फूट रुंद, २० इंच उंच रीफ टाकी बनवायला टाकतोय. काचवाला विचारतो भोकं किती आणि कुठे. डर्सो, हर्बी, बीन अॅनिमल ही नावं वाचून वाचून डोकं फिरलंय. सगळ्यात कमी आवाज कशाचा? टाकी बेडरूमला लागून आहे.

उत्तर: काचवाल्याने भोकं मारायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं, कारण टाकी भरल्यावर आठवलेलं भोक मारता येत नाही. पण आवाजाचा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवीन. पहिला प्रश्न हा की लाईट गेली तर काय होईल आणि त्याहून महत्त्वाचं, लाईट परत आली तर काय होईल, तेही तुम्ही घरात नसताना. परदेशातले लोक व्हिडिओत आवाजाचीच चर्चा करतात कारण त्यांच्याकडे वर्षात एखाद्या वेळी लाईट जाते, आपल्याकडे मे महिन्यात एका दुपारी तीनदा जाते आणि रात्री सगळं घर गच्चीवर झोपलेलं असतं, खाली टाकीपाशी कोणी नसतं.

आता तीन नावांचं बघू, ही पाणी खाली उतरवणाऱ्या पाईपांच्या रचनांची नावं. डर्सो म्हणजे एक उभा पाईप, त्याच्या डोक्यावर टी, टीचं तोंड पाण्याखाली वळवलेलं आणि वरच्या टोपीला हवेसाठी बारीक भोक. एकाच पाईपमधून पाणी आणि हवा दोन्ही खाली जातात. बनवायला सोपा, लाईट आल्यावर बिनतक्रार आपोआप चालू होतो, वाईट बिलकुल नाही. पण दोन गोष्टी खटकतात, एक तर हवा-पाणी सोबत उतरतं म्हणून गुळगुळ आवाज आणि संपमध्ये बुडबुडे, आणि दुसरं म्हणजे बहुतेक लोक एकच डर्सो लावतात. त्या एकाच पाईपच्या तोंडात गोगलगाय जाऊन बसली की खेळ खलास. गोगलगाईला आख्खी टाकी सोडून नेमकं तिथेच जायचं असतं, हा माझा अनुभव आहे.

हर्बीत दोन पाईप. पहिल्याला खाली गेट व्हॉल्व्ह, तो थोडा थोडा आवळत अशा ठिकाणी आणायचा की पाईप पूर्ण भरून वाहतो, हवेला जागाच राहत नाही, म्हणजे आवाजही नाही. दुसरा पाईप थोडा उंच, कोरडा, इमर्जन्सीसाठी. पूर्ण भरून वाहणाऱ्या पाईपची ताकद फार असते, १ इंची पाईप दोन-अडीच फुटाच्या उताराला तासाला ३००० लिटरच्या वर सहज ओढतो, म्हणून तर व्हॉल्व्हने आवळावा लागतो. याची कटकट एवढीच की पंप आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ तंतोतंत बसावा लागतो. पंपात शेवाळ साचलं, संपची पातळी खाली गेली, पंपाचा फ्लो जरासा बदलला की पेटीतली पातळी हळूहळू वर किंवा खाली सरकते आणि मग व्हॉल्व्हला पुन्हा पाव आटा. काही लोक त्यावर उपाय म्हणून इमर्जन्सी पाईपातून मुद्दाम बारीक धार चालू ठेवतात, त्याने पातळी स्थिर होते हे खरं, पण मग तो पाईप पूर्ण मोकळा राहिला असं म्हणता येत नाही.

बीन अॅनिमलमध्ये तीन पाईप. पहिला व्हॉल्व्हवाला, पूर्ण भरून वाहणारा. दुसऱ्यातून थोडंसं पाणी भिंतीला चिकटून शांतपणे उतरत राहतं, पंप थोडा इकडेतिकडे झाला तर फरक हाच सांभाळून घेतो. या दुसऱ्याच्या डोक्यावरून एक बारीक नळी काढलेली असते, तिचं तोंड पेटीत ठरावीक उंचीवर. समजा पहिला पाईप तुंबला, पेटीत पाणी चढलं, नळीचं तोंड बुडालं की हवा बंद, आणि दुसरा पाईप स्वतःहूनच पूर्ण भरून वाहायला लागतो. माणसाचा हात लागत नाही. दोन्ही तुंबले तर तिसरा कोरडा पाईप आहेच, त्याला व्हॉल्व्ह लावायचा नाही आणि जाळीही लावायची नाही.

मी तुम्हाला तीन पाईपच सांगेन, फक्त एक भोक जास्त आहे. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, पूर आला की ते कोणीतरी उघडावे लागतात. पांझरेवरचे जुने फड बंधारे बघा, पाणी वाढलं की अख्ख्या भिंतीवरून आपलं आपण सांडतं, माणूस झोपलाय की जागा आहे याच्याशी बंधाऱ्याला काही देणंघेणं नाही. टाकीला दरवाजा एक ठेवा, बंधारे दोन ठेवा.

आणि लाईट आल्यानंतरची गोष्ट. पंप थांबला की पहिला पाईप रिकामा होऊन त्यात हवा भरते. पंप सुरू झाल्यावर पाण्याने ती हवा खाली ढकलून बाहेर काढायची असते, पण पाईपचं खालचं तोंड संपच्या पाण्यात वीतभर खोल बुडवलं असेल तर हवेला निघता येत नाही, शेतातली पाईपलाईन हवा धरते ना, तसंच. तोंड पाण्याखाली २-३ सेंटिमीटरच ठेवा. मग लाईट आल्यावर एखाद-दोन मिनिटं दुसरा पाईप घोंगावेल, पहिल्यातली हवा निघेल आणि सगळं गप्प होईल. बेडरूममध्ये ऐकू येईल ते एवढंच.

प्रश्न (धुळे): माझी ३ फुटी टाकी तयार आहे, भरलेली आहे, भोक नाही. मागे टांगायची सायफनवाली ओव्हरफ्लो पेटी मिळते ती लावू का? दुकानदार म्हणतो शंभर टक्के सेफ आहे.

उत्तर: नका लावू. मी लावली होती म्हणून सांगतोय.

दहा-अकरा वर्षं झाली असतील, माझी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी, तीही बिनभोकाची, आणि मला पण असंच सेफ आहे म्हणून सांगितलं होतं. त्या पेटीत उलट्या यू आकाराची नळी असते, टाकीतलं पाणी काचेवरून उचलून बाहेरच्या पेटीत सोडते. नळीत पाणी भरलेलं आहे तोवर छान. पण वाहत्या पाण्यासोबत बारीक बुडबुडे येतात आणि ते नळीच्या वरच्या वळणात साचत जातात, फ्लो कमी असेल तर जास्तच साचतात, आणि एक दिवस लाईट जाते, येते, पंप सुरू होतो, पण नळीत हवेचा एवढा गोळा झालेला असतो की सायफन धरतच नाही. पंपाला हे कोण सांगणार? तो वर फेकतोच आहे. आम्ही एका लग्नाला पारोळ्याला गेलो होतो, संध्याकाळी दार उघडलं तर हॉलमध्ये चप्पल तरंगत नव्हती एवढंच, सतरंजी, खालच्या कप्प्यातली जुनी पुस्तकं, इन्व्हर्टरची ट्रॉली, सगळं खाऱ्या पाण्यात. वरून संप रिकामा झाल्यामुळे पंप कोरडा फिरून जळाला तो वेगळा. शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हाई काय से रे भो?" मला उत्तर देता आलं नाही.

या पेटीला हवा ओढून घेणारा छोटा पंप जोडता येतो, लोक जोडतात, पण तो पंपही लाईटवरच चालतो आणि त्याची नळीही तुंबते, म्हणजे एका भरवशाच्या खाली दुसरा भरवसा.

तुमच्यासाठी दोनच सरळ रस्ते आहेत. टाकी रिकामी करून मागच्या काचेला भोकं मारून घ्या, किंवा सध्या संपशिवायच चालवा, मागे टांगायचा स्किमर लावा, ३ फुटी टाकीत थोडेच मासे आणि सॉफ्ट कोरल असतील तर तेवढ्यावर चालतं. भोक मारायचं ठरवलंत तर आधी काच टफन आहे का बघा, टफन काचेला भोक मारलं की तिचा चुरा होतो, तडा वगैरे प्रकारच नाही. तपासायला सोपी युक्ती आहे, काचेच्या मागे लॅपटॉप किंवा मोबाईलची पांढरी स्क्रीन धरा आणि पुढून पोलराईज्ड गॉगल लावून बघा, गॉगल थोडा फिरवा, काचेत काळसर डाग किंवा पट्टे उमटले तर टफन आहे. साधी असेल तर डायमंड होल सॉ, पाण्याची सतत बारीक धार, हलका हात. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. आणि टँक निपल, म्हणजे भोकात बसवायचा पाईपचा जोड, आधी विकत आणा, हातात धरा, मोजा, मग भोकाचा साईज ठरवा. निपल १ इंची म्हणून भोक १ इंची असं नसतं, ते बरंच मोठं लागतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं.

प्रश्न (रावेर): आमचा केळीचा बाग आहे, ठिबकचं भरपूर सामान घरात पडलंय. ३२ आणि ५० एमएमचे पाईप, बॉल व्हॉल्व्ह, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), पितळी गेट व्हॉल्व्ह सुद्धा आहे. ओव्हरफ्लोचं प्लंबिंग यातच बसेल ना?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मजा आली, कारण पाणी आणि हवा पाईपात काय काय नखरे करतात हे बागायतदाराला शिकवावं लागत नाही. अर्धं सामान चालेल, अर्धं नाही, आणि एक गोष्ट तर घरात शिरूच देऊ नका.

ती म्हणजे पितळी व्हॉल्व्ह. पितळेत तांबं असतं, खारं पाणी ते हळूहळू सोडवून घेतं आणि तांब्याचा अगदी थोडा अंशसुद्धा कोरल, कोळंबी, गोगलगाई यांना मारतो. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध वापरतात तेही म्हणूनच वेगळ्या टाकीत. गनमेटलचंही तेच, जीआयचं निपल-सॉकेट पण नको. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पहिल्यांदा पितळीच पुढे करतात, त्यामुळे प्लॅस्टिकचा, पीव्हीसी बॉडीचा आणि आतली दांडीही पाण्याला न लागणारा, असं सांगून मागा. लवकर मिळत नाही, मागवावा लागतो, तरी थांबा.

तुमचा बॉल व्हॉल्व्ह हर्बी-बीनच्या पहिल्या पाईपला घालायचा मोह होईल. शेतात त्याचं काम चालू-बंद एवढंच असतं ना, इथे मात्र केसाएवढा फरक करावा लागतो, आणि बॉल व्हॉल्व्हची दांडी पाव वळणात पूर्ण उघडते, जरा हात लागला की पातळी चार बोटं खाली. गेट व्हॉल्व्हला बरेच आटे असतात म्हणून तो पाहिजे. तुमचे बॉल व्हॉल्व्ह रिटर्न पंपाच्या पाईपला युनियनसोबत (खोलता येणाऱ्या जोडासोबत) लावा, पंप काढून धुवायला सोपं जातं.

पाईपांची गंमत अशी की शेतीचा पाईप एमएममध्ये असतो आणि घरच्या प्लंबिंगचा इंचात, आणि दोन्ही एकमेकांत बसल्यासारखे वाटतात पण बसत नाहीत. शेतीचा ३२ चा पाईप बाहेरून ३२ एमएम, प्लंबिंगचा १ इंची पाईप बाहेरून ३३.४. ५० चा पाईप ५० एमएम, दीड इंची ४८.३. सोल्युशन जास्त लावून ढकललं की तात्पुरतं धरतं, मग सहा महिन्यांनी सांध्यातून पांढरं मीठ फुटायला लागतं. म्हणून एकच घराणं धरा, टँक निपल इंचात घेतलं तर सगळं इंचात. आपल्या जळगाव जिल्ह्याला पीव्हीसी पाईपची कमी नाही.

एनआरव्ही बद्दल तुम्हाला एकच आठवण करून देतो, विहिरीतला फूट व्हॉल्व्ह. काडी-कचरा अडकला की पाणी धरत नाही आणि सकाळी मोटरीत पाणी ओतत बसावं लागतं. खाऱ्या टाकीत काडीऐवजी चुन्याच्या नळ्या करणारे बारीक किडे असतात, ते एनआरव्हीच्या झडपेवरच घर बांधतात. रिटर्नच्या पाईपला लावला तर लावा, पण तो नाहीच असं समजून लाईट गेल्यावर परत येणाऱ्या पाण्यासाठी संपमध्ये जागा सोडा.

प्रश्न (साक्री): ओव्हरफ्लो कोपऱ्यातला बॉक्स चांगला की मागच्या काचेच्या पूर्ण लांबीचा? कोपऱ्याचा स्वस्तात होतोय.

उत्तर: साक्रीच्या माणसाने हे विचारावं म्हणजे कमाल आहे, पांझरा तुमच्या तालुक्यातून वाहते की. नदीच्या आरपार बांधलेल्या लांब बंधाऱ्यावरून पाणी कसं पातळ पडद्यासारखं उतरतं आणि तेच पाणी अरुंद मोरीतून काढलं तर कसं उसळतं, एवढंच यातलं शास्त्र आहे.

आकड्यात बघा. ४ फुटी टाकी, पंपाचा खरा फ्लो तासाला १५०० लिटर धरू. कोपऱ्याच्या बॉक्सला दोन बाजू मिळून ४० सेंटिमीटर, पण त्यावर कंगव्यासारखे दात असतात, अर्धी जागा तेच खातात, म्हणजे पाण्याला मोकळी २० सेंटिमीटर. हिशोब केला तर सांडव्यावर पाण्याची जाडी सुमारे ११ मिलिमीटर येते. तेच पाणी मागच्या काचेच्या पूर्ण ११५ सेंटिमीटर लांबीवरून बिनदाताचं सोडलं तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. पातळ थर म्हणजे पृष्ठभागावरचा पापुद्राच नेमका ओढला जातो, खालचं स्वच्छ पाणी कमी. जाड थर पापुद्र्याखालचं पाणीही घेऊन जातो आणि पापुद्रा कोपऱ्याकोपऱ्यात फिरत राहतो.

त्याच्यात आणखी एक फायदा लपलेला आहे. लाईट गेल्यावर सांडव्याच्या वर जेवढं पाणी असेल तेवढं सगळं खाली येतं. ४ बाय २ च्या टाकीत १ सेंटिमीटर पातळी म्हणजे ७ लिटरच्या वर पाणी. कोपऱ्याच्या बॉक्सने साधारण ८ लिटर येईल, पूर्ण लांबीच्याने अडीच लिटर. पण खरा चोर इथे नाहीच, तो आहे रिटर्नचा नोझल, म्हणजे पंपाचं पाणी टाकीत सोडणारं तोंड. नोझल सांडव्याच्या कडेखाली ४ सेंटिमीटर ठेवला असेल तर पंप बंद झाल्यावर तोच पाईप उलटा सायफन होतो आणि नोझल उघडा पडेपर्यंत जवळजवळ ३० लिटर पाणी संपमध्ये ओततो. लोक पाईपला बारीक भोक मारून ठेवतात, सायफन तुटावा म्हणून, आणि ते भोक शेवाळाने किंवा गुलाबी चुन्याच्या थराने दोन-तीन महिन्यांत बुजतं. भोक मारा, महिन्यातून एकदा काडीने साफ पण करा, पण नोझल दीड सेंटिमीटरवर आणा म्हणजे भोक बुजलं तरी दहा-अकरा लिटरवर भागेल.

तुमच्या संपचा तळ ९० बाय ४० सेंटिमीटर आहे असं लिहिलंय, त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ३.६ लिटर. जुन्या पद्धतीने ३० आणि ८ मिळून ३८ लिटर परत आलं तर संपमध्ये साडेदहा सेंटिमीटर जागा रिकामी पाहिजे. बऱ्याच लोकांचा संप काठोकाठ असतो, दिसायला मोठी टाकी वाटते म्हणून.

पैशाचं म्हणाल तर पूर्ण लांबीचा सांडवा आत उथळ ठेवा, ८-१० सेंटिमीटर खोल, आणि पाईपांची पेटी काचेच्या बाहेर मागे. टाकीतली जागा जात नाही, कोपऱ्यात काळा खांब दिसत नाही. टाकी भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावी लागेल. तेवढी जागाच नसेल तर कोपऱ्याचा बॉक्स घ्या, रडत बसू नका, फक्त त्यात तीन पाईप बसतील एवढा मोठा करा.

प्रश्न (भुसावळ): टाकी जुनी आहे, एकच डर्सो आहे, रात्री टॉयलेट फ्लश केल्यासारखा आवाज येतो थांबून थांबून. बायको म्हणते एक तर टाकी राहील नाही तर ती.

उत्तर: थांबून थांबून येतोय म्हणजे हवा कमी पडतेय. पाईप स्वतःच सायफन धरतो, पेटी रिकामी करतो, हवा घुसते, तुटतो, पुन्हा भरतो. टोपीवरचं भोक थोडं मोठं करा, किंवा त्यात एअरपंपाची नळी बसवून तिला छोटा प्लॅस्टिकचा कॉक लावा आणि रात्री टाकीपाशी बसून हळूहळू फिरवा, एका जागी आवाज एकदम गप्प होतो. सततचा गुळगुळ आवाज असता तर उलटं, हवा जास्त. पाणी पेटीत उंचावरून पडत असेल तर त्याचा धबधबा वेगळा असतो, त्यासाठी उभा पाईप उंच करून पेटीतली पातळी सांडव्याच्या जवळ आणा. वहिनींना सांगा आठवडाभर थांबा.

प्रश्न (चाळीसगाव): एक जण म्हणतो कोकणातून जिवंत खडक आणि कोरल आणून देतो, एकदम स्वस्त. ओव्हरफ्लोचा प्रश्न नाहीये, पण विचारलं.

उत्तर: नाही म्हणून सांगा. आपल्या समुद्रातले सगळे दगडी कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि सी फॅन हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. जिवंत खडक म्हणून देतात तो पण बऱ्याचदा कोरलचाच तुकडा असतो. कोरडा कृत्रिम खडक घ्या, बॅक्टेरिया त्यावरही बसतात, फक्त वेळ लागतो.

प्रश्न (अमळनेर): तीन पाईपांचा ओव्हरफ्लो बनवला, तुमच्या म्हणण्याप्रमाणेच. आता मासे सोडू का? आणि इन्व्हर्टरवर काय काय जोडू? उन्हाळ्यात पाणी फार उडतं, ऑटो टॉपअप लावलाय त्यासाठी २५ लिटरचा ड्रम ठेवलाय.

उत्तर: मासे थांबू द्या. आधी मीठ न घालता साध्या पाण्याने टाकी भरा आणि एक रविवार त्याच्या नावावर लिहा. पंप चालू करा, व्हॉल्व्ह लावून पातळी बसवा, मग मेन स्विच पाडा. संप कुठवर भरतो ते खडूने खूण करा. दहा मिनिटांनी स्विच चालू, पहिला पाईप किती वेळात शांत होतो ते बघा, हे निदान आठ-दहा वेळा करा, मध्ये मध्ये अर्ध्या मिनिटातच चालू करा कारण आपल्याकडची लाईट तशीच खेळते. मग पहिल्या पाईपचं तोंड हाताने दाबून धरा, दुसरा स्वतःहून भरून वाहतो का बघा. मग पहिला-दुसरा दोन्ही दाबा, तिसऱ्यावर सगळं पाणी निघतंय का बघा, निघत नसेल तर पंप मोठा आहे. खरं तर संपमधून टाकीच्या तीन ते पाच पट पाणी तासाला फिरलं की भरपूर झालं, बाकी लाटा करायला वेव्हमेकर असतो, पण दुकानात गेल्यावर आपल्याला मोठाच पंप आवडतो.

त्यानंतर सगळ्यात वाईट गोष्ट गृहीत धरा, तिन्ही पाईप बंद. पंप त्याच्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत वर फेकेल. तुमचा कप्पा ३० बाय ४० आणि पाणी १५ सेंटिमीटर, म्हणजे १८ लिटर, तुमच्या ४ बाय २ च्या टाकीत ते अडीच सेंटिमीटर चढेल. काचेची कड पाण्यापासून त्यापेक्षा वर आहे का? आणि इथेच तुमचा २५ लिटरचा ड्रम नडतो. कप्प्यातलं पाणी खाली गेलं की ऑटो टॉपअपला वाटतं पाणी उडालं, तो ड्रम रिकामा करायला लागतो, ते पाणीही वर जातं आणि मग खाली फरशीवर. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भरायचं आरओचं पाणी, बोअरचं नाही, आणि ओव्हरफ्लोमुळे टाकीची पातळी हलत नाही, कमी होतं ते पंपाच्या कप्प्यातच दिसतं, म्हणून सेन्सर तिथेच पाहिजे. एवढं सगळं बरोबर केलंय तुम्ही. फक्त ड्रम ८-१० लिटरचा ठेवा, मे महिन्यात दिवसाआड भरावा लागला तरी चालेल.

इन्व्हर्टरवर रिटर्न पंप नको, स्किमर नको. एक वेव्हमेकर जोडा, पृष्ठभागाकडे तोंड करून, पाण्याला हवा मिळत राहील आणि बॅटरी रात्रभर पुरेल. उन्हाळ्यात लाईट नसताना पाणी २८-२९ च्या वर चढायला लागलं तर संपवर छोटा पंखा तोही इन्व्हर्टरवर घ्या, पाणी उडून गारवा येतो, आपला कूलर तेच तर करतो. आणि इन्व्हर्टरची ट्रॉली टाकीच्या खाली ठेवू नका, पलीकडच्या भिंतीला ठेवा, माझी कुठे होती ते वर लिहिलंच आहे.